कारण नंतर सांगतो

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कोणी मला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला द्यायला नको. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. या धाग्यावरचे अनुभव मी वाचतो ते जेवताना समोर काहीतरी हवं म्हणून, आणि दर चार ओळींनी "अहो, उंदीर असेल" असं म्हणत. माझ्या बाबतीत काही घडलं नसतं तर मी जन्मभर तेच म्हणत राहिलो असतो. जे घडलं ते भीतीदायक अजिबात नाही... वाचून कोणाची झोप उडणार नाही. माझी मात्र चिडचिड होते. इतकी वर्षं झाली तरी होते.

साल २००९, जानेवारी महिना. मी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात होतो. एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमचं तीन खोल्यांचं घर. घरात मी, बायको केतकी, आणि त्या तीन महिन्यांपुरते माझे सासरे, अप्पा. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या. अप्पा सांगलीच्या घरात एकटे राहायला लागले म्हणून केतकीने त्यांना बळेबळे बोलावून घेतलं होतं. बाहेर सगळा बर्फ, त्यामुळे अप्पा दिवसभर घरातच.

अप्पा म्हणजे टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस. अख्खी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये. कोणी कोणाला लांबचा फोन लावायचा तर तो यांच्या हातून जायचा, त्या जमान्यातले. सवय अशी की घरात आलेला प्रत्येक फोन खिशातल्या डायरीत लिहायचा — वेळ, कोणाचा, निरोप काय. निरोप पोचला, काम झालं, की पुढे बरोबरची खूण. खूण नसेल तर काम बाकी. बाकी कामं पुढच्या पानावर ओढायची, आणि वर्ष संपलं की नव्या डायरीच्या पहिल्या पानावर. आमच्या घरी आल्यावरही यात खंड नाही. जर्मन फोन आला तरी नोंद व्हायची. एकदा मी वाचलं होतं: "४.२०. बाई. भाषा कळली नाही. रागावलेली नव्हती." पुढे खूण नव्हती, म्हणजे ती बाई अजून बाकी होती.

दुसरी सवय मात्र माझ्या मुळावर आली. ती म्हणजे बटणं बंद करणं. आपल्याकडे प्रत्येक प्लगला बटण असतं. जर्मनीत भिंतीतल्या प्लगला बटणच नसतं. पहिले दोन दिवस अप्पा त्याने अस्वस्थ होते. मग त्यांना माझ्या टेबलाखालची लाल दिव्याची एक्स्टेंशनची पट्टी सापडली आणि त्यांना घर आपलंसं वाटायला लागलं. रोज झोपताना ते ती पट्टी बंद करायचे. माझा कॉम्प्युटर, मॉनिटर, टेबललॅम्प, सगळं एका फटक्यात. मी सांगितलं, अप्पा, हे बंद नका करू. ते म्हणाले, "मंदारराव, आपण झोपलो की विजेलापण झोपू द्यावं." मी पट्टीवर चिठ्ठी चिकटवली — 'बंद करू नये'. दुसऱ्या दिवशी पट्टी बंद, आणि चिठ्ठी सरळ करून नीट चिकटवलेली.

आता यात माझा जीव का जात होता ते सांगतो.

त्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये माझी तीन वर्षं होती. गिअरबॉक्सच्या बेअरिंगवरची मोजमापं, आमच्या टेस्ट रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, रात्रंदिवस घेतलेली. इन्स्टिट्यूटच्या सर्व्हरवर प्रत्येकाला जागा मोजून मिळायची, त्यात हा पसारा मावत नव्हता. आणि टेस्ट रिग शरद ऋतूतच सुटे भाग करून भंगारात गेली होती. म्हणजे ती मोजमापं पुन्हा घेणं अशक्य. मार्चअखेर माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं, त्याआधी थिसिस द्यायचा होता. डिस्क गेली तर पीएचडी गेली, इतकं ते सोपं होतं.

बॅकअप होता की नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. होता ना. मी शहाणा माणूस. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलच्या दोन डिस्क घेतल्या होत्या. एक कामाला, एक बॅकअपला. आणि त्याच मॉडेलमध्ये कारखान्यातूनच दोष निघाला. कंपनीचं नाव घेत नाही, ज्यांना आठवतंय त्यांना आठवतंय. दोष असा की डिस्क छान चालते, चालते, आणि एक दिवस कॉम्प्युटर सुरू करताना ती दिसेनाशीच होते. काळ्या स्क्रीनवर कर्सर लुकलुकत बसतो. आतला डेटा जसाच्या तसा, पण दाराला कुलूप. कधी होईल ते सांगता येत नाही, पण होतं ते नेहमी सुरू करतानाच. म्हणजे चालू आहे तोवर सुखी; बंद करून पुन्हा सुरू केलं की प्रत्येक वेळी लॉटरी.

आणि माझे सासरे रोज रात्री माझ्या नावाने एक तिकीट काढत होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बॅकअपची डिस्क गेली. मग मूळ डिस्कनेही नखरे सुरू केले. सकाळी कधी दुसऱ्या प्रयत्नात सुरू व्हायची, कधी चौथ्या. मी तातडीने नवी, वेगळ्या कंपनीची डिस्क मागवली, सगळं त्यावर उतरवून घ्यायला. पार्सल शुक्रवारी आलं. म्हणजे यायला हवं होतं. आम्ही दोघं कामावर होतो, अप्पा घरात होते, तरी दाराशी चिठ्ठी — 'आपण घरी नव्हतात, पार्सल पोस्टात ठेवलं आहे, उद्या दुपारनंतर न्या'. अप्पांच्या डायरीत नोंद होती: "११.४०. खाली घंटा. दार उघडण्याचे बटण दाबले. वर कोणी आले नाही." दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी माझा इन्स्टिट्यूटमधला सहकारी थॉमस याचा ईमेल आला. त्याच्याकडेही तीच डिस्क होती. कंपनीने नवीन फर्मवेअर काढलं होतं, त्याची लिंक. फर्मवेअर म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या डोक्यातला प्रोग्राम. तो बदलला की दोष कायमचा जाणार होता. सीडी बनवा, सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करा, एक बटण दाबा, झालं. फक्त एक ताकीद, मोठ्या अक्षरांत: काम चालू असताना वीज बंद करू नये, नाहीतर डिस्क कायमची जाईल.

नवी डिस्क दुसऱ्या दिवशी दुपारी हातात येणार होती. आधी डेटा उतरवायचा, मग फर्मवेअर, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मला धीर नव्हता. उतरवायला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागणार, आणि त्याच वेळी कुलूप लागलं तर? त्यापेक्षा आधी दोषच काढून टाकू, असा विचार केला. तो माझाच होता, त्याचं खापर अप्पांवर फोडता येत नाही.

शनिवारी सकाळी केतकी बाजारात गेली. मी सीडी घातली, आणि मेलेली बॅकअपची डिस्कही जोडली, म्हटलं झाली तर दोन्ही दुरुस्त होतील. काळी स्क्रीन आली. मी हो म्हटलं. 'कृपया थांबा' अशी ओळ आली आणि तिच्यापुढे एकेक ठिपका उमटायला लागला. मी अप्पांना बोलावलं, स्क्रीन दाखवली आणि सावकाश सांगितलं, "अप्पा, हे चालू आहे तोवर याला हात लावायचा नाही. पट्टीला तर अजिबातच नाही." ते म्हणाले, "बरं." त्यांनी वेळही लिहून घेतली.

तेवढ्यात दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमान, म्हणजे लेमानबाई.

आमच्या इमारतीचं वाशक्युखे, म्हणजे सगळ्यांचं मिळून कपडे धुण्याचं तळघर. तिथे कोणी कधी धुवायचं याचा तक्ता होता, आणि तो तक्ता फ्राऊ लेमान यांच्या ताब्यात. आमची वेळ साडेदहाला संपली होती, आमचे कपडे मशीनमध्येच होते, आणि पावणेअकरा झाले होते. "आल्झो, हेर..." म्हणजे 'हे बघा, साहेब...' अशी सुरुवात करून त्या मला खाली घेऊन गेल्या. मी स्क्रीनकडे एकदा पाहिलं, ठिपके चालू होते. मोबाइल कीबोर्डशेजारीच राहिला. खाली तळघरात तसंही नेटवर्क नसायचं.

तळघरात मी ओले कपडे बादलीत भरत होतो आणि फ्राऊ लेमान दारात उभ्या राहून मला तक्ता समजावत होत्या. मागचा भाडेकरू कसा वेळ पाळायचा, मशीनच्या दारावरचं रबर पुसून कोरडं का ठेवायचं, हे सगळं. मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे 'बरोबर, बरोबर' करत होतो. त्या एक मिनिटही हलल्या नाहीत. हे लक्षात ठेवा. पुढे मला या बाईचे उपकार मानावे लागले, कारण त्या सगळ्या वेळात मी कुठे होतो याच्या त्या साक्षीदार आहेत.

अकराला वर आलो. स्क्रीन काळी. नुसती काळी नाही, मेलेली. पट्टीचा लाल दिवा विझलेला. अप्पा खुर्चीत हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. म्हणाले, "केलं बंद. तुम्ही सांगितलंत तसं."

 बादली तिथेच खाली ठेवली. त्यानंतर मी जे बोललो ते इथे लिहायची लाज वाटते, पण लिहिलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही. मी म्हणालो, "डोकं चालत नसेल तर निदान हात तरी आवरा, अप्पा. माझी तीन वर्षं घालवलीत तुम्ही."

त्यांनी चष्मा लावला, डायरी उघडली आणि वाचून दाखवलं: "दहा एक्कावन्न. मंदाररावांचा फोन. कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा. बटणाने नको, पट्टीवरून. आत्ता विचारू नका, कारण नंतर सांगतो."

"कुठल्या फोनवर?"

"ह्या." बाहेर कॉरिडॉरमध्ये आमचा घरचा फोन होता, तिकडे त्यांनी बोट केलं.

"मी खाली कपडे काढत होतो. माझा मोबाइल इथे पडलाय. मी कुठनं फोन करणार?"

"ते तुम्ही सांगायचं," अप्पा म्हणाले. "मी बंद करणार नव्हतो. दोनदा विचारलं, नक्की का म्हणून. तुम्ही म्हणालात, अप्पा, एवढं ऐका."

"आता खोटंपण बोलायला लागलात," मी म्हणालो.

अप्पांनी डायरी मिटली, खिशात ठेवली आणि आपल्या खोलीत गेले. पंचाहत्तरी जवळ आलेला माणूस, बायको जाऊन वर्ष झालेलं, परक्या देशात, जावयाच्या घरात... आणि जावई असं बोलतो. आज लिहितानासुद्धा कान गरम होतात. तेव्हा मात्र मला फक्त डिस्क दिसत होती.

केतकी बाजारातून आली. तिला काही सांगावं लागलं नाही, वडिलांचं बंद दार बघूनच तिला कळलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मंदार, अप्पांनी आयुष्यात चुकीचा निरोप लिहिलेला नाही." मी म्हटलं, मग त्यांना डॉक्टरला दाखवू, त्यांना आवाज ऐकू यायला लागलेत. त्यावर तिने मला घराबाहेर जायला सांगितलं. जर्मनमध्ये सांगितलं, म्हणजे ती किती संतापली होती ते कळलं. मी पोस्टात जाऊन पार्सल घ्यायचंही विसरलो आणि बस पकडून सरळ इन्स्टिट्यूटला गेलो.

तिथे थॉमस होता. शनिवारी दुपारी, एकटा, जॅकेट न काढता लॅबमधल्या कॉम्प्युटरसमोर बसलेला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तू अजून केलं नाहीस ना ते? सांग, केलं नाहीस."

त्याने बाराच्या सुमारास घरी फर्मवेअर टाकलं होतं. सगळं नीट झालं, 'यशस्वी' असा संदेशसुद्धा आला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, डिस्क गायब. एकदम कायमची. कंपनीच्या फोरमवर त्याच्यासारखे लोक एकापाठोपाठ एक येत होते. कंपनीने घाईत काढलेलं ते फर्मवेअरच चुकीचं होतं, आमच्या मॉडेलच्या डिस्क त्याने बंद पडत होत्या. पहिली तक्रार दुपारी आली होती, साडेबारा वाजून गेल्यावर. मी ती वेळ नंतर कितीतरी वेळा पाहिली आहे. आमच्यासमोरच संध्याकाळपर्यंत कंपनीने ती लिंक काढून टाकली.

मी थॉमसला सांगितलं, माझी मध्येच बंद झाली. तो मग म्हणाला, "कोणत्या पायरीवर?" मी ठिपक्यांचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. ते ठिपके म्हणजे अपडेट नव्हतंच. प्रोग्राम नुसता डिस्क शोधत होता, आणि मी जोडलेल्या त्या मेलेल्या डिस्कपाशी अडकला होता. खरं काम सुरू व्हायच्या आत अप्पांनी पट्टी बंद केली होती. म्हणजे डिस्क जिवंत असण्याची शक्यता होती. थॉमस म्हणाला, घरी सुरू करू नकोस, सोमवारी नवी डिस्क घेऊन इकडे आण.

घरी आलो तेव्हा जेवणं झाली होती. अप्पांच्या दाराखाली उजेड होता. मी दारावर टकटक करणार होतो, केली नाही. माफी मागायची म्हणजे आधी फोनचं काय ते मान्य करायला हवं, आणि ते डोक्यात बसत नव्हतं.

रविवारी सकाळी उठलो तर घरातला प्रत्येक दिवा चालू. हॉलचा, स्वयंपाकघरातला, बाथरूमचा. टेबलाखालच्या पट्टीचा लाल दिवासुद्धा. कॉम्प्युटरचा प्लग मी काढलेला होता, पण पट्टी चालू. आल्यापासून पहिल्यांदाच अप्पांनी झोपताना काहीच बंद केलं नव्हतं. मी एकेक बटण बंद करत घरभर फिरलो आणि मला फार वाईट वाटलं.

चहा केला, दोन कप घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं. फार वाईट बोललो. तुम्ही बंद केलंत म्हणून डिस्क वाचली असेल."

"असू दे," ते म्हणाले. कप घेतला, थोडा वेळ फुंकत बसले. मग म्हणाले, "पण कारण काय होतं?"

"अप्पा, तो फोन मी केला नव्हता."

"तुमचाच आवाज होता. माझी सगळी नोकरी आवाज ओळखण्यात गेली, मंदारराव. जरा बसलेला होता. मला वाटलं तुम्हाला सर्दी झाली." मग म्हणाले, "आणि एक सांगू का... लोकल फोन नव्हता तो. लाइन लांबची होती. मी बोललो की तुमचं उत्तर यायला क्षणभर जायचा. पूर्वी परदेशचा कॉल असला की तसं व्हायचं. मी म्हटलं, तळघर म्हणजे तसं काही लांब नाही."

मी उठलो आणि सरळ कॉरिडॉरमधल्या राउटरकडे गेलो. आमचा फोन त्या राउटरलाच जोडलेला होता आणि आलेल्या कॉलची यादी त्यात राहायची. माझा विचार साफ होता — यादीत काही नसणार, म्हणजे अप्पांना भास झाला, विषय संपला.

यादीत होतं. शनिवार, दहा एक्कावन्न. आलेला कॉल, उचललेला, एक मिनिट. नंबरच्या जागी 'उनबेकांट'. म्हणजे अज्ञात.

केतकी माझ्या खांद्यावरून बघत होती. 

सोमवारी नवी डिस्क सोडवून घेतली, जुनी घेऊन इन्स्टिट्यूटला गेलो. थॉमसने जोडली. मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. तो म्हणाला, "हो, आहे." फर्मवेअर जुनंच होतं, नव्याचा स्पर्शही झाला नव्हता. सगळी तीन वर्षं नव्या डिस्कवर उतरायला संध्याकाळ झाली. थॉमसच्या स्वतःच्या डिस्कचं पुढे काही झालं नाही. त्याने माझ्या डिस्कची केबल काढताना जपून दोन्ही हात वापरले, हे मला आठवतं.

त्यानंतर मी त्या फोनच्या मागे लागलो. फोन कंपनीच्या हॉटलाइनवर तासभर संगीत ऐकलं. बाई म्हणाल्या, तुम्ही केलेल्या कॉलची यादी मिळेल, तुम्हाला आलेल्याची नाही. का? तर डाटनशुट्झ. समोरच्याच्या खासगी माहितीचं संरक्षण. मी म्हटलं, बाई, समोरचा मीच आहे असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं आहे. त्यांनी मला लेखी अर्ज करायला सांगितलं. मी केला. उत्तर आलं, दोन पानी, नियमांच्या आकड्यांसकट, नाही म्हणून. गावात तेव्हा मराठी बोलणारे जेमतेम दहा लोक होतो. दहाही जणांना विचारलं. त्यातल्या कोणालाही माझ्या डिस्कचं काही ठाऊक नव्हतं, आणि माझा आवाज काढता येईल असा तर कोणी नव्हताच. आणि समजा काढला — तरी ते फर्मवेअर घातक आहे हे शनिवारी दहा एक्कावन्नला फोरमवर कोणाला माहीत नव्हतं. पहिली तक्रार यायला अजून दीड तासाहून जास्त वेळ होता. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा. फक्त 'उंदीर असेल' म्हणू नका.

थिसिस वेळेत दिला. अप्पा फेब्रुवारीत परत गेले. फ्रँकफर्टला सिक्युरिटीच्या रांगेत शिरताना वळून म्हणाले, "तेवढं कारण राहिलं, मंदारराव." विमानाची वेळ झाली होती, पासपोर्ट हातात आहे की बॅगेत याची गडबड चालली होती. मी म्हटलं, "सांगतो अप्पा, नंतर सांगतो." त्यानंतर त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. फोनवर दर रविवारी बोलायचो, हवा, तब्येत, पुढे आम्हाला मुलगी झाल्यावर नातीची शाळा... हे कधीच नाही. मला वाटलं, विसरले.

मागच्या वर्षी अप्पा गेले. केतकी सांगलीचं घर आवरून आली, येताना त्यांच्या डायऱ्या घेऊन आली. सगळ्या एका मापाच्या. एका संध्याकाळी तिने त्यातल्या काही माझ्यासमोर टेबलावर मांडल्या, प्रत्येक पहिल्या पानावर उघडलेली, आणि ती आत निघून गेली.

पहिल्या पानावर मागच्या वर्षाची बाकी कामं. २०१० च्या डायरीत सात होती: गच्चीचा पाइप, कोणाची तरी पुस्तकं परत करणे, आणि शेवटून दुसरी ओळ — 'मंदारराव. कॉम्प्युटर बंद करण्याचे कारण सांगणार होते. बाकी.' २०११ मध्ये पाइप नव्हता, ही ओळ होती. पुढच्या प्रत्येक डायरीत होती. दरवर्षी इतर कामं बदलत होती, कमी होत होती, ही आपली दर जानेवारीला नव्याने, त्याच शब्दांत लिहिलेली. शेवटच्या डायरीत अक्षर पार हललं होतं आणि पहिल्या पानावर ही एकच ओळ होती.

त्यांनी मला विचारलं नव्हतं. मी नंतर सांगतो म्हटलं होतं, म्हणून ते नंतरची वाट बघत होते.

मी पेन काढलं. म्हटलं, निदान खूण तरी करून टाकू, माणूस गेला आता. पण काम झाल्याशिवाय खूण करायची नाही हा त्यांचा नियम, आणि मला कारण आजही माहीत नाही. कोणी फोन केला, कुठून केला, काहीही माहीत नाही. तेव्हा खूण केली नाही. मी कधी डायरी ठेवत नव्हतो, यंदा घेतली. पहिल्या पानावर ती एक ओळ पुढे ओढून ठेवली आहे — 'अप्पांना कारण सांगणे. बाकी.'